डेकची फळी नंतर बघा, आधी फळीखाली काय आहे ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागच्या आठवड्यात टेरेस सजवण्यावर पानभर मजकूर आला होता. फोटो सुंदर होते, झोपाळा, कुंड्या, खाली तपकिरी फळ्यांचं डेक, आणि त्यात एक वाक्य होतं की कंपोझिट डेकिंग, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या, घेतलं की लाकडाचा लूक मिळतो आणि मेन्टेनन्स काहीच लागत नाही. ते वाक्य वाचून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय. पत्र लांबलंय, पण हे वाक्य मी २०२१ च्या एप्रिलमध्ये तोंडावर ऐकलंय, त्याच्यावर विश्वास ठेवून पैसे दिलेत, आणि त्याचा त्रास माझ्यापेक्षा जास्त माझ्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी भोगलाय.

आमचा पुण्यात बाणेरला सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, हॉलला लागून १४ बाय ११ फुटांचं उघडं टेरेस. बिल्डरने दिलेल्या टाइल्स गुळगुळीत होत्या, पावसात एकदा सासूबाईंचा पाय घसरला, नशिबाने नुसत्या मनगटावर निभावलं, पण तेव्हाच ठरवलं की वर काहीतरी टाकायचं. सागवान परवडणारं नव्हतं आणि उघड्यावर त्याला दरवर्षी तेल-पॉलिश कोण करणार, म्हणून कंपोझिट. आलेल्या माणसाने सॅम्पल दाखवलं, रंग दाखवले, "मॅडम, एकदा टाकलं की विसरून जायचं, झिरो मेन्टेनन्स" असं म्हणाला, दोन दिवसात काम उरकलं, ५७ हजार झाले. दिसायला इतकं देखणं झालं होतं की आम्ही त्या आठवड्यात रोज रात्रीचं जेवण बाहेर घेतलं.

पहिला पावसाळा नीट गेला. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये खालच्या काकू वर आल्या, भांडायला नाही, अगदी संकोचून, म्हणाल्या जरा खाली येऊन बघतेस का. त्यांच्या बेडरूमच्या छताला पलंगाच्या बरोबर वर परातीएवढा ओलीचा डाग होता, रंगाचे पोपडे सुटले होते आणि उशीवर चुन्याचा भुगा पडला होता. काकूंना दमा आहे. त्या खोलीत त्या जवळजवळ तीन महिने झोपल्या नाहीत, हॉलमधल्या दिवाणावर झोपायच्या. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

मग आम्ही डेक उघडलं. दुसरा एक मिस्त्री बोलावला, वयस्कर माणूस, त्याने एकेक फळी काढत नेली आणि मी शेजारी बसून बघत होते. फळ्यांच्या खाली दोन बोटं जाडीचा काळा गाळ, त्यात सुकलेली पानं, कबुतरांची पिसं, आणि गाळाच्या वर साचलेलं पाणी. त्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या, नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि आठ-दहा दिवसात अळीचा डास होतो हे आपण शाळेपासून ऐकतो, महापालिकेचे लोक येऊन कुंडीखालच्या ताटल्या उलट्या करून जातात, आणि माझ्या घरात दीडशे स्क्वेअर फुटांची झाकलेली ताटली तयार झाली होती. मग मिस्त्रीने खालच्या आडव्या पट्ट्या काढल्या, ज्यांना हे लोक जॉइस्ट म्हणतात, ज्यांच्यावर फळ्या बसतात. प्रत्येक पट्टी स्लॅबला भोक पाडून, प्लास्टिकचा प्लग ठोकून, स्क्रूने आवळलेली. स्क्रू बाहेर आला तो गंजून अर्धा झालेला, आणि भोकात पाणी भरलेलं. मी भोकं मोजली. ६४ निघाली. टाइल, तिच्या खालचा कोबा आणि वॉटरप्रूफिंगचा थर, सगळं आरपार ६४ ठिकाणी फोडलेलं होतं.

अजून एक गोष्ट मिस्त्रीने दाखवली जी मला आयुष्यात सुचली नसती. टेरेसला पाणी बाहेर जायच्या जाळीकडे ढाळ असतो, साधारण १०० ला १, म्हणजे तीन मीटरला तीन सेंटीमीटर उतार. त्या पट्ट्या त्या उताराला आडव्या टाकलेल्या होत्या. शेतात पाणी अडवायला बांध घालतात ना, तसे एकामागे एक दहा बांध घालून ठेवले होते, पाणी जाळीपर्यंत जाणार कसं, ते जागेवरच मुरत होतं आणि जिथे मुरत होतं तिथेच भोकं होती. जाळी स्वतः तर फळ्यांच्या खाली कायमची गाडलेली, ती साफ करायला पूर्ण कोपरा उखडायला लागला.

तर हा सगळा प्रकार सांगण्याचं कारण असं की यात फळीचा दोष नव्हता. फळ्या चांगल्या होत्या. त्यातल्या पाच सोडून सगळ्या आम्ही परत वापरल्या आणि आज त्यांच्यावरच सासूबाई चालतात. दोष खाली होता, आणि दुकानात, जाहिरातीत, तुमच्या पुरवणीत, सगळीकडे फक्त वरच्या फळीबद्दल बोललं जातं.

हे असं का होतं याचा मी नंतर बराच विचार केला. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, त्याच्या घरामागे डेक आहे. तिथे डेक म्हणजे परसात खांबांवर उभा केलेला लाकडी मांडव, जमिनीपासून दोन-चार फूट वर, खालून वारा खेळतो, पाऊस पडला तर पाणी फटीतून खाली मातीत जातं, खाली कोणाचं छत नाही. हा माल मुळात त्या डेकसाठी तयार झाला. १९९० च्या दशकात तिकडे जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि लाकडाचा भुसा एकत्र करून फळ्या काढायला लागले, आणि २००३ च्या शेवटी आर्सेनिक असलेलं औषध मारलेलं लाकूड घरगुती कामासाठी बंद झालं तेव्हा त्याला अजून जोर आला. माहितीपत्रकं, व्हिडिओ, स्क्रू किती अंतरावर मारायचे याच्या सूचना, सगळं तिथून आलंय. तिथे स्क्रू लाकडात जातो. आपल्याकडे तोच स्क्रू शेजाऱ्याच्या छतात जातो! एवढा फरक कोणी समजावून सांगत नाही आणि बसवणाऱ्या मुलांना तर तो शिकवलेलाच नसतो, त्यांना मी दोष देत नाही, त्यांना स्क्वेअर फुटावर पैसे मिळतात आणि संध्याकाळी दुसरी साइट असते.

आता ज्यांना खरंच घ्यायचंय त्यांच्यासाठी मी जे शिकले ते सांगते, कारण वस्तू वाईट नाही, लाकूड न तोडता उघड्यावर टिकणारी जमीन मिळते, वाळवी लागत नाही, कुसळ टोचत नाही, ही काही छोटी गोष्ट नाही.

आधी माल ओळखा. आपल्याकडे डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकूड-प्लास्टिक कंपोझिट, हा शब्द फार ढिला वापरतात. बाथरूमच्या दाराची चौकट, किचन ट्रॉलीचा बोर्ड, तेही डब्ल्यूपीसी, पण ते बहुतेक फुगवलेल्या पीव्हीसीचं हलकं बोर्ड असतं, घरातल्या कामासाठी चांगलं, उन्हातान्हात चालण्यासाठी नाही. डेकची फळी बहुतेक वेळा एचडीपीई प्लास्टिक आणि लाकडाचा भुसा यांची असते, भुसा निम्मा किंवा त्याच्या वर, हाताला जड लागते. त्यातही दोन प्रकार. एक साधी, सगळीकडून सारखी, दुसरी कॅप्ड, म्हणजे फळीवर शुद्ध प्लास्टिकचं पातळ कवच कारखान्यातच चढवलेलं. कवच नसेल तर भुसा पाणी पितो, बुरशीला खायला मिळतं, हळद-तेलाचा डाग आत उतरतो, आणि पहिल्या काही महिन्यात रंग चांगलाच उतरतो. कवच तीन बाजूंना आहे की चारही बाजूंना ते विचारा, आपल्याकडे ओल खालून येते म्हणून चारही बाजू महत्त्वाच्या. आणि नुसतं डब्ल्यूपीसी एवढंच छापलंय की अमेरिकेचं एएसटीएम डी ७०३२ किंवा युरोपचं ईएन १५५३४ या मानकाने तपासलंय असा रिपोर्ट आहे, तो कागद मागा. कागद मागितला की चांगला विक्रेता आणि नुसता माल खपवणारा यांच्यातला फरक लगेच कळतो.

मी दुसऱ्या वेळी पाच फळ्या नवीन घेताना एक साधी गोष्ट केली ती कोणीही करू शकतं. दोन दुकानातून दोन सॅम्पलचे दहा-दहा सेंटीमीटरचे तुकडे आणले, दोन्ही भरीव, एक साधा एक कॅप्ड, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, दोन्ही ४७० ग्रॅमच्या आसपास, वर पेनने लिहिलं आणि पाण्याच्या बादलीत बुडवून वर वरवंटा ठेवला. आठ दिवसांनी काढून पुसून परत वजन केलं. साधा तुकडा ४८६ ग्रॅम भरला, कडेला बोट फिरवलं तर खरखरीत लागत होतं, फुगला होता. कॅप्ड ४७३. तीन ग्रॅम पाणी आत गेलं ते कापलेल्या तोंडातून. म्हणजे कवच असलं तरी कापलेलं तोंड उघडंच असतं हेही तिथेच कळलं, म्हणून कापलेली कड पाणी साचेल अशा ठिकाणी येऊ द्यायची नाही. दुकानदार म्हणाला एवढं कोण करतं. मी म्हटलं ज्याचं एकदा गळलंय तो करतो.

पोकळ फळी स्वस्त पडते, वजनाला हलकी, पण तिच्या तोंडाला टोपी नसेल तर पोकळीत पाणी, मुंग्या, झुरळं सगळं जातं. कुंड्या आणि झोपाळा ठेवणार असाल तर भरीव घ्या. भरीव डेकचं वजन चौरस मीटरला नुसत्या फळ्यांचंच तीस किलोच्या आसपास जातं, त्यामुळे बाल्कनी जुनी असेल, लोखंड दिसायला लागलं असेल तर आधी इंजिनियरला दाखवा, त्यावर अजून काही मी लिहित नाही, ते माझं क्षेत्र नाही.

रंग फिकटच घ्या. आम्ही गडद कॉफी रंग घेतलाय आणि मे महिन्यात दुपारी त्याच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही, चटका बसतो. सासूबाई संध्याकाळी सहानंतरच बाहेर येतात, तेही आधी बादलीभर पाणी मारून.

आता बसवणं, आणि इथेच सगळा खेळ आहे. टेरेसखाली कोणाचंही घर असेल तर स्लॅबला एकही भोक पडता कामा नये. हे आधी कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी नाही. भोक न पाडता काम होतं. ॲडजस्टेबल पेडेस्टल मिळतात, प्लास्टिकचे पाय, खाली रुंद तळवा, फिरवून उंची कमी-जास्त होते, ते नुसते ठेवायचे, त्यांच्यावर ॲल्युमिनियमच्या जॉइस्टचा सगळा सांगाडा एकमेकांना जोडून घ्यायचा म्हणजे तो जागचा हलत नाही, आणि फळ्या त्या सांगाड्याला क्लिपने बसवायच्या. आमचं आता असं आहे. खाली तीन बोटं मोकळी जागा राहते, पाणी पायांच्या मधून हवं तिथून जातं. उंची वाढवायला जागा नसेल तर जॉइस्ट ढाळाच्याच दिशेने टाकायचे, रबरी पॅडवर, म्हणजे दोन जॉइस्टच्या मधली जागा पन्हाळीसारखी होते. जॉइस्टमधलं अंतर ३०-३५ सेंटीमीटर ठेवा, ४० च्या वर तर नकोच, पैसे वाचवायला अंतर वाढवलं की दोन वर्षांनी फळी मध्ये झोळ खाते. ही फळी लाकडासारखी ताठ नसते, उन्हात अजून नरम पडते.

पण सांगाडा टाकायच्या आधी टेरेस कोरी असताना जाळीला बोळा घालून पाणी कोंडून ठेवा, ४८ तास, आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. पॉन्डिंग टेस्ट म्हणतात याला. आम्ही सगळी भोकं भरली, वॉटरप्रूफिंगचा नवा थर दिला, गुरुवारी सकाळी पाणी भरलं आणि शनिवारी सकाळी काकू आणि मी दोघी पलंगावर उभं राहून छताला टिश्यू पेपर लावून बघत होतो ओला होतोय का. कोरडा निघाला तेव्हा कुठे पुढचं काम सुरू केलं. ही टेस्ट एप्रिल-मेमध्ये करा, जूनमध्ये कोणताही मिस्त्री मिळत नाही.

फट सोडणं ही दुसरी मोठी गोष्ट. प्लास्टिक उन्हात वाढतं. पुण्यात डिसेंबरची पहाट १० अंशांची आणि मे महिन्यातल्या दुपारी गडद फळीचा पृष्ठभाग ६० च्या घरात, एवढ्या फरकाने तीन मीटरची फळी लांबीत सहज ५ मिलीमीटर वाढते. आमच्याकडे पहिल्या वेळी फळ्या भिंतीला घट्ट टेकवल्या होत्या, "मॅडम, फट दिसली की वाईट दिसतं" म्हणून, आणि दुसऱ्या मे महिन्यात दाराजवळच्या दोन फळ्या जोडावर तंबूसारख्या वर उचलल्या, अंगठा ठेचला. तेव्हा वाटलं माल खराब आहे. माल खराब नव्हता, त्याला जायला जागा नव्हती. भिंतीजवळ किमान १० मिलीमीटर, लांबीच्या जोडावर ५-६, आणि दोन फळ्यांच्या मध्ये क्लिप जेवढी फट ठेवते तेवढी, ५-६ मिलीमीटरची क्लिप मिळाली तर तीच घ्या, ३ ची फट धुळीने बंद होते. थंडीत बसवत असाल तर फट जास्त, उन्हाळ्यात बसवत असाल तर थोडी कमी चालते. जिथे दोन फळ्यांची तोंडं भेटतात तिथे खाली दोन जॉइस्ट हवेत, एकेका तोंडाला एकेक, एकाच जॉइस्टच्या कडेवर दोघांना बसवलं की पहिल्यांदा तिथेच तुटतं.

जाळीवर एक उचलता येणारा चौकोन करून घ्या. आमच्या मिस्त्रीने दीड फुटाचा केलाय, दोन बोटं घालायला खाच ठेवून. हा सगळ्या कामातला सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात उपयोगाचा.

आणि उंची बघा, हे कोणीच सांगत नाही. डेक तीन-चार इंच वर आलं की रेलिंग तेवढीच खाली गेली. आमची एक मीटरची रेलिंग ९० सेंटीमीटर झाली, घरात लहान मूल असेल तर हा धोका आहे, आम्ही वरून एक पाइप वाढवून घेतला. तसंच डेकची पातळी दाराच्या उंबऱ्याच्या वर जाऊ देऊ नका, जाळी तुंबली तर पाणी घरात येतं.

ज्यांची बाल्कनी छोटी आहे किंवा जे भाड्याने राहतात त्यांनी या भानगडीत पडूच नये असं माझं मत आहे. फूट बाय फूटच्या डेक टाइल्स मिळतात, खाली प्लास्टिकची जाळी, एकमेकीत अडकतात, भोक नाही, स्क्रू नाही, दर महिन्याला चार उचलून खाली झाडून घ्यायचं, घर सोडताना बरोबर न्यायच्या. पूर्ण डेकपेक्षा दिसायला थोड्या साध्या, पण खाली काय चाललंय ते रोज बघता येतं.

कोकणातल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. माझ्या चुलतभावाचं गुहागरला घर आहे, समुद्र दिसतो, त्याने अंगणाच्या कडेला डेक केलं. तीन वर्षांत क्लिपा गंजून फळ्या सुट्या झाल्या. खाऱ्या हवेत साधं गॅल्व्हनाइज्ड टिकत नाही, स्टेनलेसमध्येही ३०४ ला डाग पडतात, ३१६ घ्यायला हवं, महाग आहे पण क्लिपा आणि स्क्रू एकूण खर्चाचा छोटा भाग असतात. आणि तिथे जून ते सप्टेंबर ऊन नाही, शेवाळ धरतं, कंपोझिटवर धरलेलं शेवाळ टाइलइतकंच निसरडं असतं. खरं सांगायचं तर जमिनीवरच्या अंगणाला जांभ्याची फरसबंदी त्याहून चांगली, तिथल्या मातीतली आहे, पाणी पिते आणि सोडते.

मेन्टेनन्स झिरो नसतो पण फार नसतो, हे प्रामाणिकपणे सांगितलं असतं तर मी आनंदाने केला असता. रोज केर काढायचा, फटींमधली माती महिन्यातून एकदा काढायची, आमच्याकडे जुन्या खराट्याच्या काड्या आणि पापड लाटताना वापरायची पातळ सुरी यांनी काम होतं. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा भांड्याच्या साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, फळीच्या रेषांच्या दिशेने घासायचं, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, फेस तसाच वाळू दिला तर त्याचाच पांढुरका थर बसतो. बाथरूमचं ॲसिड कधीच नाही, तारेची घासणी नाही. प्रेशर वॉशर वापरला तर लांबून आणि पसरट धारेने, जवळून मारला की कवच सोलतं, आमच्या शेजारच्या विंगमध्ये एकांनी केलं आणि फळीवर झाडूसारखे पांढरे पट्टे उमटले ते गेले नाहीत. रबरी पायपुसणं एका जागी ठेवू नका, खाली कायमचा चौकोन पडतो. कुंड्या स्टँडवर ठेवा आणि महिन्याला जागा बदला, आमची तुळस मोठी आहे, तिला चाकाचा स्टँड केलाय.

दिवाळीत काळजी घ्या. हे शेवटी प्लास्टिक आहे. पणती नुसती ठेवली तर तेल उतरतं आणि कलंडली तर काळा डाग, खाली एखादी टाइल किंवा पितळी ताटली ठेवा. फुलबाजीची विझलेली तार पडली तरी खाच पडते, अशी एक आमच्या फळीवर आहे, माझ्या मुलीच्या हातून पडलेली. भुईचक्र तर डेकवर नकोच. होळीचे पक्के रंग साध्या फळीत उतरले की निघत नाहीत. आणि कुरडया-पापडाचं वाळवण सरळ फळीवर प्लास्टिक टाकून घालू नका, मे महिन्यातल्या उन्हात ते प्लास्टिक फळीला चिकटून बसतं, बाजेवर घाला. सोबत एक छोटी गोष्ट, नवीन डेकमधून पहिल्या पावसात चहाच्या रंगाचं पाणी उतरतं, साध्या फळीतल्या भुशाचा रंग असतो तो, घाबरू नका, पण ते खालच्या पांढऱ्या भिंतीवर ओघळत नाही ना एवढं बघा.

वॉरंटीचं सांगते, कारण माझं सगळ्यात जास्त डोकं तिथे गेलं. कार्डावर मोठ्या अक्षरात २५ वर्षं होतं. आम्ही तक्रार केली तर फळीवाले म्हणाले फळी कुजलेली नाही, बसवण्यात चूक आहे, ती आमच्याकडे येत नाही. बसवणारा म्हणाला स्लॅब आधीच गळकी असणार. बिल्डरकडे गेलो, कारण रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते आणि आमची पाच वर्षं व्हायची होती, तर ते म्हणाले तुम्ही स्वतःच भोकं पाडलीत. तिघंही आपापल्या जागी कागदोपत्री बरोबर होते आणि काकूंच्या छताचा खर्च आमच्याकडे आला, तो आम्ही दिला, द्यायलाच हवा होता. पण वॉरंटीचं कार्ड मी नंतर भिंग घेऊन वाचलं तर त्यात स्पष्ट होतं की खाली हवा खेळती हवी आणि पाण्याचा निचरा हवा, नाहीतर वॉरंटी रद्द. म्हणजे फळी बनवणाऱ्याला माहीत होतं. विकणाऱ्याने झिरो मेन्टेनन्स सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला जागा ठेवलेली आहे, ज्यांच्याकडे "देखभाल लागत नाही" असं लिहून दिलेलं असेल त्यांनी तो कागद जपून ठेवावा. माझ्याकडे फक्त तोंडी शब्द होता.

म्हणून संपादकसाहेब, माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी टेरेसचा फोटो छापाल तेव्हा त्याच्या शेजारी त्या डेकचा उभा छेद छापा, फळी, क्लिप, जॉइस्ट, पाय, वॉटरप्रूफिंग, स्लॅब, आणि त्याच्या खाली एक पलंग. वाचकाला एका चित्रात कळेल. आणि ज्या सोसायट्या टेरेसच्या कामाला एनओसी देतात त्यांनी ती देताना तीन ओळी घालाव्यात, आमच्या सोसायटीने माझ्या प्रकारानंतर घातल्यात: स्लॅबला भोक पाडायचं नाही, काम सुरू होण्याआधी ४८ तासांची पाण्याची टेस्ट खालच्या फ्लॅटवाल्यांच्या समोर करायची, आणि जाळीवर उचलता येणारा चौकोन ठेवायचा. त्यानंतर आमच्याकडे चार डेक झाली. एकदा टेस्टमध्येच गळती सापडली, डेक टाकायच्या आधी, बिल्डरला तेव्हा काही बोलता आलं नाही, त्याने दुरुस्त करून दिलं.

काकूंच्या खोलीला नवीन रंग देऊन आता तीन पावसाळे झाले. छत कोरडं आहे. तरी जुलैत संततधार लागली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी खाली जाते, काकू चहा टाकतात, आणि मी पलंगावर चढून त्या जागेवर हात फिरवून येते.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
बाणेर, पुणे